अडीचपट पडदा

४ मार्च, मंगळवार. संध्याकाळी ७.१०

आईचा डिस्चार्ज पंधरा तारखेला, शनिवारी. दम्याचा एवढा मोठा अटॅक पहिल्यांदाच आला. पुढचे दोन-तीन महिने तिने एकटीने राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. दादा म्हणाला, आमच्याकडे चल. आई म्हणाली, मी धाकटीकडे जाईन. वहिनीच्या देखत म्हणाली. धाकटी म्हणजे मी. तारीख लिहून घेतली. जागा निश्चित झाली, एवढीच नोंद.

घरात धूळ चालणार नाही. गालिचा माझ्याकडे नाही, शोभेच्या वस्तू नाहीत, माणसंही फारशी येत नाहीत. राहिले पडदे. एकूण चार: दोन हॉलचे, दोन बेडरूमचे. जाड, आतून अस्तर. चार वर्षांत एकदाही धुतलेले नाहीत. एक झटकून पाहिला. सात शिंका.

पडदे धुणाऱ्या दुकानाचा मालक सहा वाजता येऊन गेला. खिडकीसमोर उभा राहिला, चुण्यांवरून बोट फिरवत काहीतरी पुटपुटला आणि चिठ्ठीवर लिहिलं: २३.१ चौरस मीटर, दर ३००, एकूण ६,९३०. टेप काढला नाही. मोजमापाची उपकरणं तपासण्याच्या लॅबमध्ये मी सहा वर्षं काम करते आणि हा गृहस्थ माझ्यासमोर बोटाने मोजतो.

मी शांतपणे म्हटलं, कळवते. दार थोडं जोरात लागलं. वाऱ्याने.

५ मार्च, बुधवार

लॅबमधला लेझर मीटर एका दिवसासाठी रीतसर सही करून आणला. हॉलची खिडकी २.४० बाय २.२०. बेडरूमची १.८० बाय २.२०. एकूण ९.२४ चौरस मीटर. प्रत्येक माप तीनदा. ३०० ने गुणलं तर २,७७२.

म्हणजे ४,१५८ जास्त. दिवसाढवळ्या.

आता महत्त्वाचं. ६,९३० भागिले २,७७२ = २.५०. नेमके अडीच. चूक असती तर आकडा वेडावाकडा आला असता. नेमका अडीचपट येतो म्हणजे ती चूक नाही, धोरण आहे. हा माणूस प्रत्येक घरात जाऊन प्रत्येक खिडकीला अडीचने गुणत असणार. कोणी कधी मोजून पाहिलं नाही म्हणून त्याचं फावलं. यापुढे फावणार नाही.

६ मार्च, गुरुवार

आणखी तीन दुकानांत फोन केले. पहिला वजनावर घेतो. दुसरा चुण्या मोजून घेतो; एका पडद्याला किती चुण्या, विचारलं तर म्हणाला, तुम्हीच मोजून सांगा बाई, पडदे तुमच्याकडे आहेत. तिसऱ्याने फोनवरच ८,१०० सांगितले. खिडकीचं माप सांगितल्यावर त्यानेही मनातल्या मनात अडीचने गुणलं असावं. सगळे एका माळेचे मणी.

हॉस्पिटलमध्ये भेटीची वेळ पाच ते सहा. आईला सगळं प्रकरण समजावून सांगितलं, आकड्यांसकट. पंचवीस मिनिटं लागली. ती मध्ये एकदा म्हणाली, अगं तुला एवढा व्याप होत असेल तर... मी म्हटलं, व्यापाचा प्रश्न नाही, तत्त्वाचा आहे. मग ती म्हणाली, बरं बाई, तुला जमेल तसं.

आईला मुद्दा पटला.

७ मार्च, शुक्रवार

दुकानात गेले. तक्ता छापून नेला होता. दोन पानं, खाली सही. मालकाने चष्मा लावून पूर्ण वाचला, हे त्याच्या बाजूने नमूद करते. मग उठला, दुकानाच्या दाराला लावलेला पडदा दोन टोकांना धरून सरळ ताणला. दार एक मीटरचं. पडदा गल्ल्यापर्यंत आला.

म्हणाला, मॅडम, चुण्या पाडायला कापड अडीचपट लागतं. तुम्ही खिडकी मोजलीत. मी खिडकी नाही धूत.

इस्त्रीवरची बाई हसली. कपड्याच्या ढिगामागूनही कोणीतरी हसलं.

चुण्यांचा हिशोब मला अर्थातच माहीत होता. माझा आक्षेप एवढाच की चिठ्ठीवर तसं लिहायला हवं होतं. हे त्याला सुनावलं. तो म्हणाला, लिहून देतो की, त्याला काय, आणि खरंच चिठ्ठीमागे लिहिलं: अडीचपट. वर पेन पुढे करून म्हणाला, तुम्हीपण सही करा.

सही केली नाही. अशा माणसाशी व्यवहार नाही. उद्या घरीच धुणार. मशीन आहे, थर्मामीटर आहे, दोन हात आहेत. एका पडद्याला साबणासकट तीस-पस्तीसच्या वर खर्च येणार नाही. आणखी आठ दिवस आहेत. सोपं काम आहे.

८ मार्च, शनिवार

आधी एकच पडदा, चाचणी म्हणून. हॉलचा, डावा.

हुक काढले. एकतीस. वर छिद्रं बत्तीस. एक मुळातच नसणार.

कोरडं वजन ४.१ किलो. पाणी ४० अंश. पहिलं पाणी काळं, दुसरं चहासारखं, पाचवं स्वच्छ. ओला पडदा मशीनमधून उपसायला बारा मिनिटं लागली. कोणीतरी बुडालेला माणूस काढावा तसा निघाला. गॅलरीत टाकला. १०.४० ला खालच्या काकूंची हाक: अगं ए, वरून काय धो धो चाललंय, माझी उन्हात टाकलेली उशी भिजली सगळी! मी वाकून सांगितलं, पाणी स्वच्छ आहे, पाचवं आहे. काकू म्हणाल्या, पाचवं असू दे नाहीतर पन्नासावं, माझ्या उशीत कशाला?

उशी बाहेर ठेवणं हा त्यांचा निर्णय होता.

९ मार्च, रविवार

पडदा वाळला, दांड्याला लावला. बाहेरचं कापड ०.४ टक्के आटलं. अस्तर ६.८ टक्के. म्हणजे आतलं आखडलं, बाहेरचं होतं तसंच राहिलं, आणि सगळा पडदा खालून गोळा होऊन वर चढला.

काकू उशीचं बोलायला आल्या होत्या. पडद्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, हा कोणावर रुसलाय गं?

हा रुसवा नाही, कापडातला ताण आहे. ताणाला उलट ताण दिला की काम होतं. पाच लिटरचे दोन पाण्याचे कॅन खालच्या काठाला क्लिपांनी अडकवले. रात्रभर राहू देते. अस्तर सरळ होईल.

१० मार्च, सोमवार. सकाळी ६.२०

अस्तर सरळ झालं नाही. पहाटे पडद्याचा दांडा भिंतीतून उपटून खाली आला. सोबत थाळीएवढं प्लास्टर. हॉलभर पांढरी धूळ. दांडा बसवणाऱ्याने स्क्रू अपुऱ्या लांबीचे वापरले होते. हा हलगर्जीपणा चार वर्षं माझ्या डोक्यावर टांगलेला होता आणि मला कोणी सांगितलं नाही.

संध्याकाळी. धुळीने भरलेली चादर मशीनमध्ये टाकली तर मशीन बंद. मेकॅनिकने पंप उघडला. आतून बत्तिसावा हुक काढून माझ्या तळहातावर ठेवला, जसा काही माझाच दात. पंप नवा घालावा लागला. मी त्याला म्हटलं, चांगल्या मशीनने हुक अडवायला हवा. तो म्हणाला, चांगला माणूस आधी मोजतो.

मी मोजले होते!

काकूंनी जाता जाता सल्ला दिला. चारही पडदे काढून ठेव आणि आईला घेऊन ये. खिडक्या उघड्या राहिल्या तर काय बिघडलं? म्हातारं माणूस बघत बसेल बाहेर.

मुद्दा चुकीचा आहे. बिनापडद्याचं घर म्हणजे अर्धवट काम. अर्धवट काम मी कोणाच्या हवाली करत नाही. आईच्या तर नाहीच.

११ मार्च, मंगळवार

आईला दांडा, प्लास्टर, पंप, तिन्ही कळवले. अस्तर आणि कापड यांच्या आटण्यातला फरक कागदावर काढून दाखवला. तिने कागद उशाला ठेवला. विचारलं, जेवतेस ना वेळेवर? मग सलाइनच्या स्टँडकडे बघत म्हणाली, एवढं नको गं करूस माझ्यासाठी. दादाकडेही जागा आहे.

मी म्हटलं, जागेचा प्रश्नच नाही, पडदे झाले की झालं. ती हं म्हणाली. डॉक्टरांनी तिला कमी बोलायला सांगितलं आहे.

१२ मार्च, बुधवार

गवंडी येऊन दांडा बसवून गेला. नवीन भोकं, लांब स्क्रू, आणखी धूळ. झाडलोट दोनदा. लॅबमध्ये हाफ डे टाकला. आजवरचा एकूण खर्च अजून काढलेला नाही. काढायची गरज नाही.

दुपारी वहिनीचा फोन. पडदे झाले का? मी म्हटलं, होताहेत. ती म्हणाली, अगं मग शनिवारी आम्हीच नेतो त्यांना, तू निवांत तुझे पडदे कर.

तुझे पडदे! जसा काही माझा छंद आहे. जसं काही मी इथे भरतकाम करत बसले आहे. तिच्या घरात साधी वजनकाट्याची सुई शून्यावर नाही, गेल्या चार महिन्यांत मी तीनदा सांगितलं. आई माझ्याकडे येते म्हणाली, हे तिच्या घशाखाली उतरलेलं नाही, दुसरं काही नाही. गोड बोलून काटा काढायचा हा प्रकार मला समजतो.

मी फक्त म्हटलं, ठरल्याप्रमाणे होईल. फोन ठेवताना स्क्रीनला तडा गेला. आधीपासून असेल.

१३ मार्च, गुरुवार

चारही पडदे टॅक्सीत घालून त्याच दुकानात गेले. माघार नाही. फेरविचार.

मालकाने रुसलेला पडदा उलटसुलट करून पाहिला. विचारलं, हा कोणी धुतला? मी म्हटलं, एकाने. तो म्हणाला, त्या एकाला सांगा, अस्तर उसवून नवीन घालावं लागेल. बाकी धुलाई तीच, ६,९३०. अस्तराचे १,५२० वेगळे. एकूण ८,४५०. पडदे मंगळवारी, अठराला मिळतील.

मला शुक्रवारी हवेत, म्हटलं. तो म्हणाला, होईल की. माणूस संध्याकाळी थांबवतो, तातडीचे निम्मे जास्त पडतील.

निम्मे जास्त! का? पाणी तेच, साबण तोच, चुण्या त्याच. माझी आई आजारी आहे याचे ४,२२५? अडचणीत सापडलेल्या माणसाला नाडायचं आणि त्याला तातडीचा दर असं नाव द्यायचं. दुकानात होते नव्हते तेवढ्या सगळ्यांना हे ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. मालक म्हणाला, मॅडम, आई आजारी आहे हे तुम्ही आत्ता सांगताय. थांबा, बघतो काही कमी करता येतं का.

दया नको होती. म्हटलं, साध्या दराने, अठरा तारखेला. पावती फाडा.

तत्त्व शाबूत राहिलं. तीन दिवसांचाच फरक आहे. डिस्चार्ज तीन दिवस पुढे ढकलता येईल.

१४ मार्च, शुक्रवार

डिस्चार्ज पुढे ढकलता येत नाही. डॉक्टरांना कारण सविस्तर सांगितलं. ते म्हणाले, बेडसाठी खाली माणसं थांबलीत आणि तुम्ही मला पडदे सांगताय?

आईला सांगितलं, फक्त मंगळवारपर्यंत थोडी अडचण आहे. मी पुढचं सांगायच्या आत ती म्हणाली, कळलं गं, राहू दे, मी दादाला सांगितलंय. तिने माझ्या हातावर हात ठेवला. हात गरम नव्हता. ताप नाही, चांगलं लक्षण.

तीनच दिवस. मंगळवारी मी तिला घेऊन येणार. तात्पुरती व्यवस्था म्हणून दादाकडे हरकत नाही.

१५ मार्च, शनिवार

डिस्चार्ज ११.३०. दादाने गाडी आणली होती. आईची पिशवी मी उचलली, ती वहिनीने माझ्या हातातून घेतली. वजन साधारण तीन किलो, मला जड नव्हतं. गाडीत मागे जागा होती. कोणी ये म्हटलं नाही, मीही विचारलं नाही. दादा काच खाली करून म्हणाला, चल मग, आता तरी त्या पडद्यांवर पडदा टाक. आणि स्वतःच हसला.

रस्त्यावर उभं राहून मी त्याला उत्तर दिलं. तेव्हा गाडी वळली होती.

१८ मार्च, मंगळवार. रात्री ८.००

चार वाजता पडदे आले. लावले. काठ जमिनीपासून एकसारखे बारा मिलिमीटरवर. मूळ रंग करडा नव्हताच, निळा होता. काम उत्तम आहे. हे दुकानदाराला कळवणार नाही.

मग दादाकडे गेले. आई खिडकीशी खुर्ची टाकून बसली होती. खिडकीला पडदा नाही. वहिनीने शुक्रवारी काढून घडी करून माळ्यावर टाकला म्हणे, पाच मिनिटांचं काम. आईचा श्वास चांगला वाटला.

मी सांगितलं, पडदे झाले, घर तयार आहे, टॅक्सी खाली थांबवली आहे.

आईने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, अगं, तू रोज येऊन पडद्यांचंच सांगायचीस. मी आपली वाट बघायची, आज तरी म्हणेल, आई, चल. मला वाटलं, पोरीला जड जातंय आणि तोंडाने नाही म्हणवत नाहीये. तुझी कोंडी नको म्हणून मीच दादाला म्हटलं. आता इथे औषधांचं, सगळ्याचं गणित बसलंय बघ.

मी म्हटलं, प्रश्न दराचा होता.

आई म्हणाली, हो गं. ते कळलं मला.

टॅक्सीवाल्याने थांबल्याचे पैसे लावले. दिले. घासाघीस केली नाही.

८.२०

ठरलं. आत्ता फोन करायचा आणि एकच वाक्य बोलायचं: मला तू इथे हवी आहेस. पुढेमागे काहीही जोडायचं नाही.

८.३५

केला. वहिनीने उचलला. आई जेवून आडवी झाली होती, पण जागी होती. देऊ का, म्हणाली. मी म्हटलं, नको, काही विशेष नाही. सहजच केला होता.