मार्सेलाच्या माशाबद्दलचे माझे शब्द

मी, नॉर्बर्ट आल्बिन झील्के, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा हॉटेलांच्या सुऱ्यांना धार लावणे (गेल्या नाताळापासून बंद), राहणार मिलवॉकी, विस्कॉन्सिन, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. हृदयाबद्दल डॉक्टर तसं म्हणत नाहीत, म्हणूनच हा कागद. मला कोणी भरीस घातलेलं नाही. समोर ब्रँडीचा ग्लास आहे, पण तो अजून भरलेलाच आहे.

याआधी १९९८ साली केलेल्या मृत्युपत्रात मी सर्वस्व माझी धाकटी बहीण मार्सेला बुडझिक हिच्या नावे केलं होतं. २००५ साली तिच्यावर रुसून तिचं नाव खोडलं. ते खोडणं मी या कागदाने रद्द करतो. का, ते पुढे येईलच.

कलम १. अंत्यविधी. माझा अंत्यविधी शुक्रवारीच करावा. सोमवारी गेलो तर शुक्रवारपर्यंत थांबावं, मला घाई नाही. त्यानंतर चर्चच्या तळघरात कोरडी हॅम सँडविचं देऊन लोकांची बोळवण करू नये. सगळ्यांना डेल्फीनच्या बारमध्ये न्यावं आणि शुक्रवारचं रीतसर जेवण घालावं: तळलेला मासा, बटाट्याची धिरडी, सफरचंदाचा गर, कोबीची कोशिंबीर, राय पाव. धिरड्यांवर सफरचंदाऐवजी मेपलचा गोड पाक मागणाऱ्याला बाहेरचा रस्ता दाखवावा, मग तो माझा कितीही जवळचा असो.

कलम २. वह्या. माझ्या अभिप्रायांच्या एकोणीस वह्या माझी भाची लोर्ना हिला द्याव्यात. पंचेचाळीस वर्षं मी या शहरातल्या हॉटेलांत मागच्या दाराने सुऱ्या घेऊन शिरलो आणि संध्याकाळी पुढच्या दाराने जेवायला. दोन्ही दारं पाहिलेला माणूस विरळा. लोकांना वाटेल, या वह्यांत तक्रारी असतील. असतील थोड्या. एका हॉटेलाने (नाव लिहीत नाही, मालक अजून जिवंत आहे) मला एकदा काल उकडलेला बटाटा आज उकडलेला म्हणून वाढला होता, आणि ते मी तीन वेळा लिहून ठेवलंय. बाकी सगळं कौतुकच आहे, आणि ते मनापासून आहे.

दक्षिण भागातल्या त्या सर्बियन बाईंच्या चीजच्या पोळीबद्दल वही चारमध्ये दोन पानं आहेत. ती पोळी सांगितल्यावर पाऊण तास लागतो, आणि कोणी घाई केली तर बाई म्हणतात, "घाई असेल तर उद्या या, उद्याही पाऊण तासच लागेल." याला म्हणतात स्वाभिमान! सोळाव्या रस्त्यावरचं मेक्सिकन दुकान फक्त शनिवार-रविवारी आतड्यांचं सूप करतं. तिथली म्हातारी मी न मागता वाडग्यात जास्तीचा ओरेगानो चुरडते, कारण १९८८ साली मला एकदा सर्दी झाली होती. तळ्याकाठच्या जुन्या सपर क्लबात, म्हणजे रात्रीच्या जेवणाच्या हॉटेलात, ऑर्डर देण्याआधीच मुळ्यांची, गाजरांची आणि लोणच्याची थाळी टेबलावर येते. माणूस भुकेला आला आहे हे ज्यांना विचारावं लागत नाही, अशी ही माणसं. मी एकटा जीव, लग्न केलं नाही. या शहराच्या हॉटेलांनी मला जेवू घातलं म्हणून मी एकटा राहूनही कधी एकटा जेवलो नाही.

कलम ३. हत्यारं. माझे सहाही दगड, चामड्याचा पट्टा, चाक आणि व्हॅन इग्नासिओ रेंतेरिया याला द्यावी. तो एकोणीसशे नव्वद साली माझ्याकडे काम शिकला आणि पुढे स्वतःचा धंदा काढला. यात उपकार काही नाही. ही हत्यारं गेली दहा वर्षं खरं तर त्याच्याकडेच असायला हवी होती.

कलम ४. निवेदन. हे कलम अंत्यविधीच्या दिवशी डेल्फीनच्या बारमध्ये, लोणच्याच्या बरण्यांच्या बाजूच्या तिसऱ्या स्टुलाजवळ उभं राहून मोठ्याने वाचावं. कारण त्याच स्टुलावर बसून मी माती खाल्ली.

मार्सेला आणि तिचा नवरा रोमन यांचं किनिकिनिक अव्हेन्यूवर माशाचं हॉटेल होतं. रोमन २००३ मध्ये गेला, तरी तिने एकटीने चालवलं. तळ्यातला पर्च मासा ती स्वतः सोलायची. पर्च तळहाताएवढा, शंभर मासे सोलायचे तर लांब, लवचीक पात्याच्या सुऱ्या लागतात आणि त्या आठवड्यात बोथट होतात. अशा चार सुऱ्या दर मंगळवारी माझ्याकडे यायच्या. २००५ च्या उन्हाळ्यात त्या यायच्या बंद झाल्या. विचारलं तर म्हणाली, "या महिन्यात नकोत रे." पुढच्या महिन्यातही नकोत. मी रुसलो.

आणि मी हुशार! स्वयंपाकघर सुरीवरून ओळखतो, ही माझी जन्माची फुशारकी. बोथट सुरी म्हणजे आळशी आचारी, आणि धार लावायला सुरीच येत नाही म्हणजे मासा सोललाच जात नाही. २००६ च्या जानेवारीत त्या तिसऱ्या स्टुलावर मला कोणीतरी विचारलं, "या उपासांत मासा कुठे खायचा, नॉर्बर्ट? मार्सेलाकडेच ना?"

मी म्हणालो, "तिच्याकडे आता मासा खोक्यातून येतो, गोठलेला. सुऱ्यांना सहा महिने धार नाही. मग कापते काय, रुमाल?"

सगळे हसले. मीही हसलो. सहज बोलून गेलो, पण बोललो ते सख्खा भाऊ आणि धारवाला या दोन्ही नात्यांनी. मग कोण विश्वास ठेवणार नाही? ईस्टरआधीच्या उपासांत शुक्रवारी मांस चालत नाही, मासा चालतो; ते सहा शुक्रवार म्हणजे माशाच्या हॉटेलाचं अख्खं वर्ष. पहिल्या शुक्रवारी तिच्याकडे रांग होती, तिसऱ्या शुक्रवारी निम्मी टेबलं रिकामी. ईस्टरनंतर तिने खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवल्या त्या कायमच्या.

तिने एकदाच फोन केला. "तू म्हणालास असं?"

"म्हणालो. खोटं आहे का?"

ती म्हणाली, "तुला जे दिसलं ते तू बोललास." आणि फोन ठेवला. त्याला आठ वर्षं झाली.

गेल्या ऑक्टोबरात माझ्या दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू काढला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, हा दहा वर्षांचा तरी आहे. तुम्हाला दिसत काय होतं?" मी घरी आलो, टोमॅटो कापायला सुरी घेतली आणि दिव्याखाली धरली. मीच लावलेली धार. पात्याला लाटा, मध्ये खाच, टोक खाऊन टाकलेलं. व्हॅनमध्ये तीन हॉटेलांच्या सुऱ्या पोचवायच्या राहिल्या होत्या. एकेक काढून पाहिली. सगळ्या तशाच. मी व्हॅनच्या पायरीवर बसून रडलो, हेही लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी इग्नासिओकडे गेलो. "खरं सांग. हे किती वर्षं चाललंय?"

"बसा उस्ताद," तो म्हणाला. "दहा वर्षं. तुम्ही मंगळवारी धार लावून जायचात. बुधवारी मी जाऊन परत लावायचो."

"सगळीकडे?"

"सगळीकडे. त्या सर्बियन बाई, सपर क्लब, सगळे. तुम्हाला कळू द्यायचं नाही असं ठरलेलं."

"आणि मार्सेला?"

"त्यांच्या सुऱ्या थेट माझ्याकडे. बजावलं होतं मला, 'माझ्या भावाच्या कानावर गेलं तर याच सुरीने तुला सोलीन.'"

म्हणजे मासा ताजाच होता. शेवटच्या शुक्रवारपर्यंत ती स्वतः सोलत होती. लोक विचारत होते तेव्हा एक वाक्य बोलली असती, 'माझ्या भावाला दिसत नाही', तर तिचं हॉटेल वाचलं असतं आणि माझा धंदा बुडाला असता. ती बोलली नाही. मी बोललो.

तरी, मी, नॉर्बर्ट झील्के, जाहीर करतो की मार्सेला बुडझिकचा मासा ताजा होता, या शहरात तसा मासा मी दुसरीकडे खाल्ला नाही आणि माझं बोलणं साफ खोटं होतं. हे तिला तोंडावर सांगायला मला पाच महिने जमलेलं नाही. लाज वाटते. म्हणून मेल्यावर सांगायची सोय करतोय, आणि हा भ्याडपणा आहे हेही मला कळतं.

कलम ५. बाकं. तिच्या हॉटेलातल्या सामानाची विक्री झाली तेव्हा खिडकीजवळची उंच पाठीची दोन बाकं आणि मधलं टेबल मी दुसऱ्याच्या नावावर घेतलं. ती माझ्या जेवणघरात आहेत. डाव्या बाकाच्या चामड्याला रोमनने लावलेली चिकटपट्टी मी काढलेली नाही. ही मार्सेलाला परत करावीत.

कलम ६. घर. राहतं घर मार्सेलाला. तळघरात मार्चमध्ये पाणी येतं, पंप दाराच्या डावीकडे आहे. तिने नाकारलं किंवा कायद्याने तिला घेता आलं नाही, तर लोर्नाला.

मिलवॉकी, बुधवार, १२ मार्च २०१४.

पुरवणी, शुक्रवार, १४ मार्च. सहीला दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याची साक्ष चालत नाही. साक्षीला राहिलं तर मिळायचं ते जातं. म्हणून इग्नासिओ बाद. डेल्फीनला बोलावलं होतं, दुसरा साक्षीदार ती आणणार होती. दुपारी ती आली, हातात माशाचं गरम पुडकं, आणि मागे मार्सेला.

"दुसरी साक्षीदार," डेल्फीन म्हणाली आणि माझ्याकडे न बघता ताटल्या शोधायला गेली. तिसऱ्या स्टुलावरचं माझं बोलणं तिने तेव्हा ऐकलं होतं. २००६ च्या त्या ईस्टरपासून तिने मला त्या स्टुलावर कधी बसू दिलं नाही, हे माझ्या आज लक्षात आलं.

मार्सेलाने बाकं पाहिली. चिकटपट्टीवरून बोट फिरवलं. मग रोमनच्या त्या डाव्या बाकावर बसली, चष्मा लावला आणि कागद ओढून घेतला. मी म्हणालो, "ते मी गेल्यावर वाचायचंय."

"गप बस. वाचतेय ना मी."

चौथ्या कलमापाशी तिने चष्मा काढून पुसला. परत लावला. परत काढला. मी उभाच होतो.

"मला का नाही सांगितलंस, मार्सेला? बाकीच्यांनी निदान सुऱ्या दिल्या तरी."

"बाकीच्यांचा तू धारवाला होतास. मला तू पातं नाकाशी धरून, डोळे बारीक करून बघताना बघवायचं नाही. खोटं बोलता आलं नाही, खरं बोलवलं नाही. म्हणून नको म्हणाले." मग एकदम चिडून, "आणि रुमाल म्हणे! आठ वर्षं तो रुमाल माझ्या डोक्यातून गेला नाही, गाढवा!"

"मी चुकलो," मी म्हणालो. तोंडावर म्हणालो. "माझं चुकलं गं."

ती ओट्याशी गेली, माझी सुरी उचलली आणि राय पावाचे तीन काप काढले. पातळ, एकसारखे. सुरी खिडकीकडे धरून पाहिली.

"ही धार कोणी लावली?"

"मीच. डोळे झाल्यावर."

"हं." तिने धिरड्याचा तुकडा तोंडात टाकला. "डेल्फीन, तुझी धिरडी मऊ पडलीत. पेन कुठाय?"

"अगं, तू सही केलीस तर घर तुला मिळणार नाही. बाकंही नाहीत."

"तळघरात पाणी भरतं ते घर? लोर्नाला दे, तिला अंगण हवंय. बाकं इथेच राहू देत, मी शुक्रवारी येऊन बसत जाईन. पेन दे, मासा गार होतोय."

मृत्युपत्र करणार: नॉर्बर्ट आ. झील्के.

साक्षीदार १: डेल्फीन स्क्रोबाच. माझी धिरडी मऊ नाहीत, पुडक्यात वाफ धरली.

साक्षीदार २: मार्सेला बुडझिक. याने माझ्यासमोर, शुद्धीवर राहून सही केली. डोळे बरे आहेत. चौथं कलम आज संध्याकाळी हा स्वतः त्या तिसऱ्या स्टुलावरून वाचणार आहे, मी सोबत जातेय. दगड इग्नासिओला एवढ्यात देऊ नयेत. माझ्या चारही सुऱ्या मंगळवारी घेऊन येते.