पुढची दोन चाकं

विचुंबे, पनवेल
गुरुवार

ती. अक्कास,

धाकट्या विनायकचा वाकून नमस्कार (खरंच वाकलो, शोभा शेजारीच उभी आहे). दाजींचा गुडघा कसा आहे? उरणला उकाडा फार असेल, जपून राहा. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. न वाचता फाडलंस तर तुला दाजींच्या गुडघ्याची शपथ.

गाडीला नवीन टायर आणि ती चकचकीत अलॉयची चाकं घातली तो दिवस तुझ्या चांगलाच लक्षात असेल. (माझ्याही आहे. चहासुद्धा न घेता तू तडक एसटी स्टँडवर गेलीस.) जुने टायर पार गुळगुळीत झाले होते आणि चारुताला पुण्याहून बाळंतपणाला आणायचं, म्हणून तर एवढा खटाटोप. आता पुढची गंमत ऐक. गाडी गावात अगदी शहाण्यासारखी चालते. हायवेला ऐंशीला पोचली रे पोचली, की अंगात आल्यासारखी घुमायला लागते! स्टीअरिंग थरथरतं, सीट थरथरते, शोभाची रामरक्षा आपोआप तानांसकट बाहेर पडते. टायरवाल्याने पुन्हा बॅलन्सिंग केलं, फरक नाही. दुसऱ्याने अलाइनमेंट केली, फरक नाही. तिसरा म्हणाला, रस्ताच खराब आहे (हे निदान मला सर्वांत आवडलं, कारण ते फुकट होतं).

आणि नेमकी अशा वेळी, पुण्याला गेलो असताना, विहीणबाईंना त्याच गाडीतून देवदर्शनाला न्यायची मला दुर्बुद्धी सुचली. बाईंचा चष्मा नाकावरून घसरत घसरत ओठांपर्यंत आला. उतरल्यावर एवढंच म्हणाल्या, आमची सून या गाडीतून येणार नाही. टॅक्सी कर म्हणशील, तर चारुता ऐकत नाही. येईन तर बाबांच्याच गाडीतून, नाहीतर इथेच राहीन, म्हणते. हा हट्टीपणा कुठल्या आत्यावर गेलाय ते मी लिहीत नाही.

शेवटी नवीन पनवेलला कुंदनच्या गॅरेजात चाकं काढली आणि मी स्वतः वाकून पाहिलं. अगं अक्का, चाकाच्या पाठीला तुझं कुंकू! तुपात कालवलेलं, वर अक्षता, सगळं वाळून दगड झालेलं. तुझा दोष नाही. चकाकीला ओरखडे नकोत म्हणून टायरवाल्याने चाकं पालथी मांडली होती, तू दिसली ती बाजू पुजलीस. पण गाडीला टेकते ती नेमकी तीच बाजू. चपलेत खडा गेला तर माणूस तरी नीट चालतो का? कहर म्हणजे आधीच्या सगळ्यांनी हे पाहिलं होतं! प्रत्येकाने चाक काढलं, कुंकू पाहिलं, हात जोडले आणि चाक होतं तसं परत बसवलं. कुंदनला म्हटलं, पूस बाबा. तो (मूळचा तुमच्या उरणजवळच्या मोऱ्याचा) दोन पावलं मागेच सरकला. "पूजेचं हाय साहेब, मी नाय पुसनार. ज्यांनी लावलं त्यांना बोलवा."

त्या दिवशी तू एकेका चाकाला एकेकाचं नाव घेतलंस आणि कुठलं कुठे बसवायचं तेही टायरवाल्याला बजावलंस. मागची दोन मी आणि शोभा, पुढची दोन चारुता आणि तिचं बाळ. तेव्हा मी हसलो. आता चाकांना पेढेही भरव, असं चार लोकांत म्हणालो. असो. माझं कुंकू मी पुसलं, शोभाचं शोभाने. सीटची थरथर जागच्या जागी थांबली! स्टीअरिंग मात्र अजून घुमतंय. बाकी सर्व क्षेम, काळजी नसावी.

तुझा,
विनायक

ता.क. रविवारी येतेस का? गणपतीची करतात तशी चाकांची उत्तरपूजा तुझ्या हातून झाली, की मग ते निर्माल्य. कुंदन पुसायला तयार आहे. शोभा वालाचं बिरडं करणार आहे.

ता.क. २ वर लिहायची लाज वाटली. फडकं भिजवून मी पुढच्या चाकापाशी बसलो होतो, अक्का. देवाधर्माला हसणारा मी. पण लेकीच्या नावाचं कुंकू माझ्याने पुसवेना, बाळाचं तर नाहीच नाही. चुकलो गं. ये.

ता.क. ३ येताना नवीन कुंकू आण, तूप नको. पेढे मी आणतो. चाकांनाही मीच भरवीन.