नाकातला दोरा

आई,

मरोळच्या आपल्या खोलीत तू मोरीशेजारी बसून बांगडे साफ करायचीस, आणि कापायच्या आधी त्यातला एक उचलून माझ्या नाकाशी धरायचीस. "बघ रे, ताजे आसत काय?" मला ती गंमत वाटायची. मालवणची बाई, समुद्राकाठी वाढलेली, आणि मासे ताजे की शिळे हे मुंबईत वाढलेल्या मुलाला विचारते. मग एका रविवारी स्टोव्हवरचं दूध करपलं. खोलीभर वास, शेजारीण दारात येऊन उभी, आणि तू स्टोव्हकडे पाठ करून शांतपणे तांदूळ निवडत होतीस. त्या दिवशी कळलं की तुला वासच येत नाही. विचारलं तर म्हणालीस, "दोन वर्षां झाली. आमच्यात कोणाकच येना." आमच्यात म्हणजे साकीनाक्याच्या त्या गाळ्यातल्या सहा बायका. गिरणी बंद पडल्यावर बाबा गावी जाऊन बसले आणि तू तिथे कामाला लागलीस. पितळेचे नळ तारेच्या आकड्यांना अडकवायचे, क्रोमच्या लालसर पाण्याच्या टाकीत सोडायचे, चकाकी चढली की काढून धुवायचे. त्या टाकीची वाफ दिवसभर तुमच्या तोंडावर येत असे. हे मला माहीत होतं, पण माहीत असणं आणि दिसणं यात फरक असतो, आणि मी तेव्हा नुकता बघायला शिकत होतो.

अंधेरीतल्या एका जाहिरातपटवाल्यांकडे मी सहायक होतो. साबणाचा फेस दाट दिसावा म्हणून दिवा कुठे लावायचा, हे शिकण्यात दिवस जायचे. पण खूळ वेगळंच होतं, आणि ते तुझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. लहानपणी तू सिनेमाला न्यायचीस तेव्हा आधी एखादा माहितीपट लागायचा. सगळं थेटर बाहेर चहाला जायचं, आणि मी एकटा आत बसून मिठागरातली माणसं बघत राहायचो. तू म्हणायचीस, "लोकांका जा नको, ताच तुका व्हया." मोठेपणी तेच वाढलं. एका शाळेच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा माहितीपट आणि लघुपट दाखवायचे. आम्ही पंधरा-वीस जण सतरंजीवर, मागे प्रोजेक्टरची घरघर. तिथे एकदा सात मिनिटांचा लघुपट पाहिला, खाणीतला एक म्हातारा हात धुतो, डबा उघडतो, जेवतो, संपलं. कुणी काही बोलत नाही. त्या संध्याकाळी मी बस न पकडता अंधेरीहून मरोळपर्यंत चालत आलो, कारण कुणाशी बोलावंसं वाटत नव्हतं. नट नकोत, गाणी नकोत, नुसतं एक माणूस नीट बघायचं, एवढंच आयुष्यभर करायला मिळालं तर पुरे, असं वाटत होतं. घरी येऊन तुला ते सगळं सांगितलं. तू ऐकलंस आणि विचारलंस, "आणि डब्यात काय होता?" मी म्हटलं, लक्षात नाही. तू म्हणालीस, "मग तू काय बघितलंस?"

तुमच्या गाळ्यावर फिल्म करायची असं ठरवलं तेव्हा एका ओळखीच्या कॅमेरामनने किल्ली द्यायचा सोळा एमएमचा जुना कॅमेरा उसना दिला. जाहिरातींच्या शूटिंगमधून उरलेले फिल्मचे तुकडे मी डब्यांत साठवले होते. ती फिल्म उजेड न लागता भरायची तर बाह्या असलेली काळी पिशवी लागते. बाहेरून दोन हात आत घालायचे आणि आतल्या काळोखात चाचपडत भरायची. माझ्याकडे ती नव्हती. तू बाबांच्या जुन्या छत्रीचं कापड दुहेरी घेऊन हाताने शिवलीस. शिवून झाल्यावर स्वतःचे हात आत घालून बसलीस आणि बराच वेळ काढलेच नाहीस. मी विचारलं, काय करतेस? "बरा वाटता," म्हणालीस. "हातांका कोण बघना."

गाळ्यात मला नेताना तुझी एकच अट होती. "हात दाखव, कामा दाखव. तोंडां नको. कोणाचीच नको." मी हो म्हटलं. तू बाकीच्या पाचजणींना सांगितलंस, माझा झील आसा, माझ्यावर सोडा. त्यांनी तुझ्यावर सोडलं. मालक दुपारी घरी जेवायला गेला की तासभर मी शूटिंग करायचो. आठवडाभर तुमचे हात टिपले. बोटांच्या पेरांवर पडलेली गोल खोल भोकं, न भरणारी. तुझे हात तर मी इतक्या जवळून घेतले की पडद्यावर ते एखाद्या डोंगराळ मुलखासारखे दिसतात.

तिथे तुझी वाकोल्याची मैत्रीण होती. मी तिला मावशी म्हणायचो. उंच, मोठ्या आवाजाची, रोज केसात गजरा माळून येणारी. वास येत नसताना गजरा कशाला, असं कुणीतरी विचारलं तर म्हणाली, "मला नाही येत, पण तुम्हाला तर दिसतोय ना?" शेवटच्या दिवशी जेवणं झाल्यावर ती नव्याने लागलेल्या बाईला म्हणाली, "इकडे बघ, जादू दाखवते." गजऱ्यातला दोरा ओढून काढला, एका नाकपुडीत घातला, जरा मान वळवली, आणि दुसऱ्या नाकपुडीतून बाहेर काढला. नाकातला मधला पडदा वाफेने खाऊन टाकलेला. दोरा ती इकडून तिकडे ओढते आहे आणि हसते आहे, आणि माझा कॅमेरा चालू आहे. किल्ली संपेपर्यंत, वीस-पंचवीस सेकंद. खरखर थांबली तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. "ए, हे घेऊ नको हां रे." मी म्हटलं, "नाही घेतलं, मावशी."

एडिटिंगला बसल्यावर तो तुकडा मी चार-पाच वेळा काढला. त्याच्याशिवाय फिल्म सुंदर होती, नुसते हात, पाणी, चकाकणारे नळ. बघणारे म्हणाले असते, वा, काय टेकिंग आहे. तो शॉट जोडला की बघणाऱ्याचा श्वास अडकायचा. मी जोडला. आणि त्याच शाळेच्या हॉलमध्ये ती दाखवली. संपल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे तसेच बसून राहिले. आई, खरं सांगतो, तेवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही. एका पेपरवाल्याने लिहिलं. त्याला फोटो हवा होता. मी त्याच शॉटमधली एक फ्रेम काढून दिली.

पुढचं मी पाहिलं नाही, तू सांगितलंस तेवढंच. मालकाने पेपर टाकीच्या कडेवर ठेवला आणि मावशीला म्हणाला, "बाई, आता तुम्ही सिनेमातच काम करा." तिने तुझ्याकडे पाहिलं. तू आकड्याला नळ अडकवत राहिलीस, कारण घर त्यावर चालत होतं आणि फिल्ममधले तुझे हात कुणाचेही असू शकले असते. ती डबा घेऊन निघून गेली. घरी येऊन तू पदर खोचलास, भात टाकलास, आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "माझा तोंड बरा वाचवलंस." त्या विषयावर तू त्यानंतर एक शब्द काढला नाहीस. मला वाटतं तू ओरडली असतीस तर मी भांडलो असतो, या गोष्टी लोकांसमोर यायला नकोत का, असं काहीबाही बोललो असतो. तू संधीच दिली नाहीस.

मी वाकोल्याला गेलो होतो, हे तुला कधी सांगितलं नाही. मावशी ओट्याशी उभी होती. आजूबाजूच्या गाळ्यांत तिला कुणी घेत नव्हतं, ती आता लोकांकडे भांडी घासत होती. मी माफी मागायला तोंड उघडलं तर तिने विचारलं, "मी कशी दिसते रे त्यात?" मी म्हटलं, "छान." ती म्हणाली, "पेपरात तर भुतासारखी दिसते. एकदा दाखव ना. आम्ही कोणीच नाही बघितलं." मी म्हटलं, दाखवतो. प्रिंट तेव्हा एका महोत्सवाला पाठवायची होती. परत आली तेव्हा तिच्यावर ओरखडे होते, प्रोजेक्टर मिळत नव्हता, मग मी दुसऱ्या फिल्मच्या मागे लागलो. मावशी तिच्या मुलीकडे गावी गेली. दोन वर्षांनी तिचं तेराव्याचं कार्ड तुला आलं, तेरावं होऊन गेल्यावर. तू ते वाचलंस आणि कामाला गेलीस. त्यानंतरच्या वर्षी तुझी छाती भरली. इस्पितळात फिनेलने पुसलेल्या त्या वॉर्डात सगळे नाकाला रुमाल लावायचे, आणि तू मोकळ्या तोंडाने पडून असायचीस. त्या एकवीस दिवसांत मी रोज ठरवायचो की आज विचारीन, फिल्म बघतेस का. विचारलं नाही. तू ती कधीच पाहिली नाहीस.

त्यानंतर मी पुष्कळ फिल्म केल्या. कुठे तरुण मुलं भेटतात, विचारतात, माहितीपटच का, पैसा नाही, प्रेक्षक नाही. मी त्यांना मिठागराचं सांगतो, डबा उघडणाऱ्या म्हाताऱ्याचं सांगतो. ती मन लावून ऐकतात.

परवा एक मुलगी घरी आली होती. जुन्या फिल्म जपणाऱ्या एका संस्थेत काम करते. तुमची ती सोळा मिनिटांची फिल्म तिने शोधून काढली आहे, बुरशी साफ करून पुन्हा दाखवणार आहेत. तिने तो शॉट पाहून डोळे पुसले आणि विचारलं, "या बाई कोण होत्या?" मी सांगितलं, आमच्या ओळखीच्या. मग तिने एक फॉर्म पुढे केला. त्यात एक रकाना होता, फिल्ममध्ये दिसणाऱ्या व्यक्तींची चित्रीकरणाला संमती होती का. पेन हातात धरून मी तो रकाना पुन्हा वाचला. ती म्हणाली, "नुसती औपचारिकता आहे, सर."

मी 'होती' असं लिहिलं, आणि खाली सही केली.