शेपट्यांची भानगड

प्रिय बारके,

थोरल्या बहिणीचा तुला भरभरून आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? माझे जागच्या जागी आहेत, त्यांच्याकडून आता एवढीच अपेक्षा. तुझ्या यजमानांचा खोकला गेला असेल, नाहीतर त्यांना सांग, दाराशी उभं राहून फुंकायचं सोडा. अक्षर नातीचं आहे आणि बोलणं माझं. ती मधेच कंसात काही घुसडेल, ते मनावर घेऊ नकोस. (आजी, मी काही घुसडत नाही.) बघ, झाली सुरुवात.

परवा फोनवर तू रडत विचारलंस, "थोरल्याची नोकरी गेली का गं?" तुझं रडणं आणि माझे कान, दोन्ही मिळून फोनवर काही धड होत नाही, म्हणून हे पत्र. नोकरी शाबूत आहे. थोरला लेक रोज डबा घेऊन जातो आणि रोज कुरकुरत परत येतो, म्हणजे सगळं ठीक चाललंय.

झालं असं, की नातीने शिकायला घेतलाय माशाचा मणका. आख्खा नाही, त्यातून जी मज्जेची दोरी जाते तिचं शेपटीकडचं टोक. तिथे म्हणे मोठाल्या पेशी असतात, त्या एक रस तयार करून रक्तात सोडतात. मासा खाऱ्या पाण्यातून गोड्यात गेला की अंगातलं मीठपाणी सांभाळायला त्या रसाची मदत होत असावी, असं शिकलेल्यांना वाटतं. (आजी, 'संप्रेरक' म्हण.) रसच बरा. मी म्हटलं, अगं, आम्ही माहेरच्या पाण्यातून सासरच्या पाण्यात गेलो तेव्हा आमच्या पाठीत कुणी असलं काही बसवून दिलं नव्हतं. तर पोरीचे सर म्हणाले, पुढच्या बैठकीला या पेशींचे काप दाखव, नाहीतर विषय बदल. पोरीचा चेहरा एवढासा झाला. काप करायचे तर शेपटी हवी ताजी, मासा कापल्याबरोबर बर्फात घातलेली. आणि ही बाजारात गेली की तोंडातून शब्द फुटत नाही, दरवेळी आख्खा मासा गळ्यात घेऊन येते.

मग मी गेले. मासेवालीसमोर बर्फाचा डबा ठेवला, चेहरा जरा पाडला आणि म्हटलं, "आमच्याकडे हल्ली शेपट्याच चालतात गं." एक अक्षर खोटं नाही! तिने मुळापासून चांगल्या रुंद शेपट्या काढून दिल्या, वर काही घेतलं नाही. मी खूश. आठवडाभर मी हुशार होते.

मग एके दिवशी घरी डबा उघडला तर आत पोटाकडचे जाडजूड तुकडे. शेपटी एक नाही. दुसऱ्या दिवशी तेच. मी म्हटलं, "अगं, शेपट्या दे." तर डोळ्यांत पाणी आणून म्हणते, "आजी, माझ्याकडे लाजू नका. शेपट्या खायची वेळ वैऱ्यावर येऊ नये." तोवर 'थोरल्याची नोकरी गेली' असं बाजारभर झालं होतं. शिंप्याने सूनबाईंना सांगितलं, शिलाईचं सावकाश बघू. शेजारणीने नेसलेल्या साड्यांचं बोचकं आणून दिलं. सूनबाईंनी ते माझ्यापुढे ठेवलं आणि एवढंच म्हणाल्या, "सासूबाई, कुठली निवडू?" इकडे घर मासे खाऊन तृप्त आणि नात उपाशी, कारण दया आली आणि शेपट्या गेल्या. बैठक तर तोंडावर.

मी मासेवालीला खरं सांगितलं. तिचा विश्वास बसेना. "मणक्याच्या शेवटी काय असणार? संपतो तो तिथे!" शेवटी तिला धरून प्रयोगशाळेत नेलं. उरलीसुरली एक शेपटी होती, तिचा काप नातीने काचेखाली लावला. मासेवालीने डोळा लावला, मग दुसरा लावला, आणि म्हणाली, "अगं बाई! आणि मी हे इतकी वर्षं मांजराला घालते?" मी पण पाहिलं. त्या पेशी ढोल्या ढोल्या, ठिपक्यांनी भरलेल्या, लग्नाच्या पंगतीत ऐसपैस बसलेल्या विहिणींसारख्या. (आजी, हे मी सरांना सांगणार आहे.) सांग.

त्या दिवसापासून शेपट्यांचा ढीग. काप झाले, बैठक झाली, सर 'बरं' म्हणाले. त्यांच्या तोंडून 'बरं' निघणं म्हणजे आपल्याकडे हार घालण्यासारखं. पण लगेच म्हणाले, हा झाला खाऱ्या पाण्यातला मासा, आता तोच मासा नदीत शिरलेला दाखव.

तुझीच,
ताई

ता. क. नदी समुद्राला मिळते तिथे तुझं घर आहे, हे मला बोलता बोलता सहज आठवलं. पोरीला दोन महिने ठेवून घे. खाण्याची कटकट नाही, फक्त जेवताना तिला मणक्याविषयी विचारू नकोस.

आणखी ता. क. हे अक्षर मासेवालीचं, बोलणं माझंच. पाकीट डकवायच्या आधी बाजारात आणलंय. बारके, पोरगी एकटीच निघायचं म्हणते, मला प्रवास झेपणार नाही म्हणे. तू उत्तरात ठणकावून लिही, 'आजी सोबत असेल तरच पाठवा.' मोठ्या अक्षरात लिही, वाचून तीच दाखवणार आहे. मला कुठे वाचता येतं! ऐकून सगळ्यांत जास्त आश्चर्य मलाच वाटेल.