काळ्या काचेवरचा सूर

तीर्थरूप आईस, धाकट्याचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर येतं. इथली चित्रकार मंडळी जुनं सगळं मोडायला निघालीत. ते भिंतींवर रंगवतात आणि मी ते व्हायोलिनवर वाजवतो. निळी रेघ म्हणजे लांब सूर, लाल ठिपके म्हणजे तुटक. मास्तरांनी घोटून घेतलेलं काही कामाला येत नाही, असं बाबांना सांग. हसतील.

प्रदर्शन होईपर्यंत खोली सोडायची नाही, असं मी सही करून दिलंय. तुझा गुडघा कसा आहे?

परवा त्यांनी खिडकीची काच काळी रंगवली. काळं म्हणजे थांबायचं. मी थांबलो. मग बाहेरचं दिसावं म्हणून नखाने थोडा रंग खरवडला. त्यांचा म्होरक्या रागावेल असं वाटलं, तर तो खूश.

"नवा सूर आला," म्हणाला. "किती लांब वाजवायचा?"

"रस्त्यावरचा माणूस कोपऱ्यावर वळेपर्यंत."

"फार लांब होतो," म्हणाला, आणि ब्रशने वरचा अर्धा भाग बुजवला.

आता चालणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात. दादा इकडे आला तर त्याला पिवळ्या नाड्यांचे बूट घालायला सांग. म्हणजे मी ओळखेन.

तुझाच,
धाकटा