जमीन पुसायची नाही

३ फेब्रुवारी, सोमवार
अखेर स्वतःची बॅच. चार वर्षं अंधेरी ते घाटकोपर, कुठली इन्स्ट्रक्टर आजारी पडली की बदली म्हणून मी धावायचे. आता मुलुंडला सुहासिनीताईंच्या स्टुडिओत रोज सकाळी साडेसातची ग्रुप एरोबिक्स, आणि बोर्डावर माझं नाव: श्रुतिका. आईने भांडुपच्या आमच्या चाळीत पेढे वाटले.

हॉल झकास आहे. भिंतभर आरसा, जुनी सागवानी जमीन. ताईंच्या अटी दोनच. क्लासनंतर जमीन पुसायची नाही, लाकूड फुगतं. मॅटही वापरायच्या नाहीत, म्हणे पकड बरी मिळते.

५ फेब्रुवारी
सोळा बायका आल्या. पहिल्या रांगेत दर्शना, बँकेत आहे, बाळंतपणाला आठ महिने झालेत. तिच्याखाली घामाचं थारोळं साचलं होतं. मी बुटाची नाडी बांधून वर बघेपर्यंत जमीन कोरडी. एसीमुळे असेल.

११ फेब्रुवारी
हॉलला वास येतो. आंबलेल्या मोज्यांसारखा. दोन फळ्यांच्या फटीत पिवळट काहीतरी होतं, नखाने काढलं तर शेंबडासारखी तार सुटली. तीनदा साबण लावला तरी दुपारी भाकरी मोडताना बोटांना तोच वास. ताट तसंच सरकवलं.

१७ फेब्रुवारी
सगळ्यांचं वजन उतरतंय. दर्शना दोन आठवड्यांत नऊ किलो. तिचे आधीचे-नंतरचे फोटो फिरले आणि ठाण्याच्या एका स्टुडिओने मला बोलावलं. खोटं कशाला लिहू, मी खूश झाले. पण तिच्या दंडाची कातडी उकडलेल्या कोंबडीसारखी लोंबते. म्हटलं, डॉक्टरला दाखव. तर म्हणाली, "आत्ता कुठे जुने ड्रेस होतायत गं. तू घाबरवू नको ना." मी तिला परत पहिल्या रांगेत उभं केलं. मला बॅच फुल्ल हवी होती.

२० फेब्रुवारी
शेवटी आरामाला सगळ्यांना पालथं झोपवलं, गाल जमिनीला टेकून. उठताना दर्शनाचा गाल सुटेना. मी डोकं धरून ओढलं. चिकटपट्टी सोलल्यासारखा आवाज आला. रक्त नाही. गालावर नुसतं पांढरं, ओलं. जमिनीवर तिची पातळ साल राहिली होती, आणि ती हळूहळू फटीत ओढली गेली. मी तिथेच ओकले. तेही जमिनीने प्यायलं.

ताई शांत होत्या. म्हणाल्या, तुझ्या आधीच्या इन्स्ट्रक्टरला, रश्मीलाही सुरुवातीला कसंसंच व्हायचं. ती आता कुठे आहे विचारलं, तर त्यांनी पायाखाली पाहिलं.

२१ फेब्रुवारी
दर्शना आयसीयूत. तिचा नवरा फोनवर रडत होता. मी बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, कोणी येऊ नका. बॅचमधल्या गार्गीने लगेच उत्तर टाकलं, वजन उतरतंय ना, मग तुला काय प्रॉब्लेम आहे? ताईंनी मला ग्रुपमधून काढलं. उद्या त्यांच्याआधी पोचून फळी उचकटते. बायका डोळ्यांनी बघतील तेव्हा तरी —

२२ फेब्रुवारी, सकाळी
फळी निघाली. खाली सिमेंट नाही. गुलाबी, जाड, ओलं — भोकं भोकं — भोकांत बायकांचे केस. वाफ येते. पाय घसरला, गुडघ्यापर्यंत आत. फोनही आत गेला. बॅगेतली वही हाताशी आहे म्हणून हे लिहिते —

गरम आहे. चोखतंय. दुखत नाही, त्याचीच किळस —

आल्या सगळ्या. ओरडले, पाय दाखवला. गार्गीने बघितलं. बघून बूट काढले, माझ्या शेजारी उभी राहिली. ताईंनी गाणं मोठं केलं —

कमरेपर्यंत. त्या उड्या मारतायत. गार्गीचा घाम माझ्या तोंडात — थुंकले — परत — खारट, कोमट — थुंकवत नाही आता — मला अजून हव