डोळ्यांना लावलेला प्रसाद

आये, आज सकाळी सुई उकळत ठेवली आणि तुझी आठवण झाली. उकळी फुटल्यापासून दहा मिनिटं मी अजूनही घड्याळ लावून मोजतो. तू चुलीपुढे बसून म्हणायचीस, "भाताकय इतको येळ लागणा नाय." मला राग यायचा. एकोणिसाव्या वर्षी साखरेचा रोग जडला तेव्हा घरात ह्यातलं कुणालाच काही कळत नव्हतं. मराठी फायनलनंतर शाळा सुटलेली. इंग्रजी मी इन्सुलिनच्या खोक्यातल्या कागदावरून शिकलो, एकेक शब्द डिक्शनरीत बघून. औषधाची बाटली गार राहावी म्हणून पितळी डब्यात घालून विहिरीत सोडायची, पण पाण्याला टेकता कामा नये, हातभर वर हवी, हे मीच शोधून काढलं. डॉक्टरांनीही मान डोलावली होती. तू मात्र पाहुणे आले की सुईचा डबा तांदळाच्या पिंपामागे सारायचीस. लग्नाची दोन स्थळं तरीही फिरलीच. त्याबद्दल आपण कधी बोललो नाही.

बोललो नाही असं आणखी एक आहे. गणपतीत आरती झाली की तू माझ्या हातावर गोड सारण भरलेली नेवरी ठेवायचीस. प्रसादाला नको म्हणायचं नाही आणि खायचाही नाही, ह्यावर तू तोड काढली होतीस. "डोळ्यांक लाव आणि भावाक दी." मी डोळ्यांना लावायचो. तळणीचा आणि वेलचीचा वास पापण्यांना लागायचा आणि नेवरी धाकट्याच्या पानात जायची. तो दोन्ही खायचा, माझ्यासमोर, हसत, मधेच काहीतरी सांगत. त्याचं चुकलं असं म्हणवत नाही. सतरा वर्षांचा होता. पण त्याचा तो बिनघोर जबडा मी बघत बसायचो. त्याला जेवण मोजावं लागत नव्हतं, धावताना थांबावं लागत नव्हतं, सकाळी उठून काचेच्या नळीत आठ थेंब लघवी आणि निळं औषध तापवून रंग बघावा लागत नव्हता. निळा राहिला तर दिवस आपला, विटकरी झाला तर तुझं तोंड उतरणार. आये, शेजाऱ्यांना वाटायचं मी आजाराने खंगतोय. मी हेव्याने खंगत होतो.

मला गोड मिळायचं ते फक्त बुडताना. सुईनंतर जेवण कमी पडून साखर उतरली, घाम फुटला, जीभ जड झाली की तू धावत यायचीस, माझं डोकं मांडीवर घ्यायचीस आणि बोटाने गूळ तोंडात सारायचीस. तेवढा वेळ तुला दुसरा मुलगा नसायचा.

तो आगबोटीचा दिवस तुला आठवत असेल. मामांनी धाकट्याला जहाजावर काम मिळवून दिलं होतं. गणपती होऊन समुद्र उघडला होता, घाटात दरड पडून एसटी बंद होती, आणि पुढच्या आगबोटीने गेला असता तर मुंबईहून जहाज निघून गेलेलं असतं. तू पहाटेपासून त्याच्यासाठी नेवऱ्या तळत होतीस. आठ वाजता मी सुई घेतली, रोजच्या मापाची. माझं ताट तू ठेवलंस, दीड भाकरी आणि बांगड्याचं तिखलं, आणि पाठ फिरवून त्याची ट्रंक भरायला गेलीस. मी बांगडा खाल्ला. भाकरी गोठ्यात नेऊन गायीपुढे टाकली.

धाकट्याने दारातून विचारलं, "दादा, भाकरी खाल्लंस मां?"

"खाल्लंय," मी म्हटलं.

माझा हिशेब पंधरा मिनिटांचा होता. तू गूळ देशील, मी उठून बसेन, तो जाईल. पण अंगणात पडलो तो उठलोच नाही. कानावर येत होतं, हात हलत नव्हते. पहिला भोंगा झाला. आगबोटीपर्यंत नेणाऱ्या पडावाकडे जाणाऱ्या लोकांची घाई रस्त्यावर ऐकू येत होती. "झिला, आज रव," तू त्याला म्हणालीस. "ह्येका असो टाकून जांव नको." त्याने ट्रंक खाली ठेवल्याचा आवाज मी ऐकला.

नंतर गायीला पाणी दाखवायला तोच गेला होता. गायीने अर्धी भाकरी ठेवली होती का, हे मला आजतागायत ठाऊक नाही, आणि विचारायची माझी छाती नाही. तो आता बंदरावर आगबोटीची तिकिटं फाडतो. दुसऱ्यांना पाठवतो. त्याच्या सदऱ्याच्या खिशात कागदात बांधलेला गुळाचा खडा असतो, माझ्यासाठी. तू जाताना त्यालाच जवळ बोलावून म्हणालीस, "दादाक सांभाळ." मला काहीच म्हणाली नाहीस. त्याचाही मला हेवा वाटला, आये, तुझ्या उशाशी उभा असताना.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं, ते कुठल्याच कागदावर छापलेलं नाही. घडी घालून सुईच्या डब्याखाली ठेवतो. एवढंच राहिलं होतं सांगायचं. दुसरा भोंगा झाला तेव्हा मी शुद्धीवर होतो. डोळे उघडले असते तर तो धावत जाऊन पडाव गाठू शकला असता. तुझं बोट माझ्या तोंडात होतं, आणि गूळ फार गोड लागत होता.